तीनशे वनस्पतींची साक्ष

भिवंडीचे नाव काढले की परक्या माणसाच्या कानात यंत्रमागांची खडखड सुरू होते. परंतु शहराच्या वेशीबाहेर चार कोस गेले की अजूनही भाताची खाचरे लागतात, आवणीच्या दिवसांत गुडघाभर चिखलात वाकलेली माणसे दिसतात, आणि बांधावरच्या गवतातून सळसळत जाणारे जनावरही दिसते. आमच्या लोकांत रात्री त्याचे नाव घेत नाहीत. 'जनावर' किंवा 'लांबडे' म्हणतात. पावसाळा जसा भात घेऊन येतो, तसा तो सर्पदंशाची बातमीही घेऊन येतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीच्या एका कुटुंबात असाच प्रसंग घडला. जमिनीवर अंथरूण घालून झोपलेला मुलगा पहाटे पोटात दुखते म्हणून उठला. थोड्या वेळाने त्याच्या पापण्या मिटू लागल्या, बोलणे जड झाले. अंगावर दंशाची खूण शोधूनही सापडेना. मण्याराचा दंश असाच असतो: वेदना नाही, सूज नाही, आणि विष मात्र श्वासाच्या स्नायूंपर्यंत पोहोचलेले. घरच्यांनी आधी त्याला शेजारच्या पाड्यावरील भगताकडे नेले. त्याने एक मूळ उगाळून पाजले, दुसरे मनगटाला बांधले. तासाभराने मुलाला घास गिळवेना, तेव्हा कोठे इस्पितळाची वाट धरली. प्रतिविषाच्या कुप्या आणि कृत्रिम श्वासोच्छ्वास यांच्या आधाराने तो वाचला. घरी आभाराची प्रार्थना झाली. त्या संध्याकाळी मुलाच्या आजीने मनगटाचा तो दोरा दाखवून आम्हांला सांगितले, "डॉक्टरांनी केलं ते केलंच, पण या मुळीनं जीव धरून ठेवला."

आम्ही त्या मायबाईशी वाद घातला नाही. ती वेळ वादाची नव्हती. परंतु प्रश्न मनात राहिला. ती मुळी खरोखर काही करते काय? आणि करीत असेल वा नसेल, हे कोणी कधी नीट तपासून पाहिले आहे काय? शोध घेऊ लागलो तेव्हा उत्तर फार दूर सापडले नाही. भिवंडीपासून काही तासांच्या अंतरावर, मुंबईत परळला, सुमारे शंभर वर्षांपूर्वी हा प्रश्न दोन माणसांनी हाती घेतला होता. त्यांतले एक होते महाराष्ट्रीय डॉक्टर कृ. श्री. म्हसकर, आणि दुसरे होते येशूसंघीय धर्मगुरू फादर जाँ फर्डिनंड कायस. या धर्मगुरूंचे नाव आपल्या ख्रिस्ती घरांतही फारसे कोणास ठाऊक नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

विश्वासाचा जुना इतिहास

विषावर उतारा म्हणून वनस्पती वापरण्याची परंपरा मानवाइतकीच जुनी आहे. आपल्याकडे मुंगसाची कथा लहान मुलालाही माहीत असते. सापाशी झुंजताना दंश झाला की मुंगूस झाडीत पळते, एक विशिष्ट मुळी चावते आणि पुन्हा रणात उतरते. माणसाने ती मुळी ओळखली आणि औषध सापडले, अशी ही कथा. ती केवळ आजीबाईंच्या तोंडी होती असे नव्हे. गोव्यात राहून भारतीय औषधींचा अभ्यास करणारे पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यांनी आपला संवादरूप ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला, त्यात सर्पविषावर चालणाऱ्या लाकडाच्या प्रकरणात मुंगसाची हीच हकीगत आली आहे. ओर्ता मोठे निरीक्षक होते. मुंबई बेट त्यांच्याकडे खंडाने होते. ते यहुदी वंशाचे नवख्रिस्ती होते, आणि त्यांच्या मृत्यूनंतर, १५८० साली, गोव्याच्या धर्मन्यायालयाने त्यांची हाडे उकरून जाळली. सत्याच्या इतिहासाबद्दल लिहिताना आपल्या घरातले हे पान झाकून ठेवणे आम्हांला योग्य वाटत नाही.

पुढे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात गोव्याच्या संत पौल महाविद्यालयात येशूसंघाचे ब्रदर गास्पार आंतोनियो एक गोळी तयार करीत. कस्तुरी, अंबर, प्राण्यांच्या पोटात सापडणारे जहरमोहरे, रत्नांची पूड असे जिन्नस एकत्र मळून, वर सोन्याचा वर्ख चढवून ती विषावरचा उतारा म्हणून युरोपात जाई. राजेरजवाडे ती सोन्याच्या जाळीदार डबीत जपत. 'गोव्याचा दगड' या नावाने ती प्रसिद्ध होती, आणि आज काही संग्रहालयांत ती पाहावयास मिळते.

त्याच काळात भारतातून 'सापाचा दगड' रोमला पोहोचला. तो दंशावर ठेवला की विष शोषून घेतो असा समज होता. येशूसंघाचे थोर विद्वान फादर अथानासियुस किर्शर यांनी तो एका कुत्र्यावर वापरून पाहिला, कुत्रा जगला, आणि त्यांनी १६६७ च्या आपल्या ग्रंथात दगडाची ग्वाही दिली. फ्लॉरेन्सचे वैद्य फ्रान्चेस्को रेदी यांचे मात्र समाधान झाले नाही. त्यांनी हेच दगड निरनिराळ्या प्राण्यांवर पुन्हा पुन्हा वापरले. प्राणी मेले. रेदींनी १६७१ साली आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले ते किर्शर यांनाच लिहिलेल्या पत्राच्या रूपाने, आणि तेही अत्यंत आदराच्या भाषेत. एका विद्वानाने एक कुत्रा जगलेला पाहिला. दुसऱ्याने अनेक प्राणी तपासले. आमच्या सगळ्या कथेचे मर्म या दोहोंतील फरकात आहे.

पवित्र शास्त्राच्या वाचकाला येथे प्रेषितांच्या कृत्यांचा २८ वा अध्याय आठवल्यावाचून राहणार नाही. माल्टा बेटावर जहाज फुटल्यानंतर संत पौल शेकोटीसाठी काटक्या गोळा करीत असता त्यांच्या हाताला साप डसला. बेटावरील लोकांनी प्रथम ठरविले की हा खुनी असला पाहिजे, न्यायदेवतेने त्याला गाठले. पौल मेले नाहीत, तेव्हा त्याच लोकांनी ठरविले की हा देव असला पाहिजे. एकाच घटनेवरून दोन निष्कर्ष, आणि दोन्ही चुकीचे! ही हकीगत लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, ही गोष्ट आम्हांला अर्थपूर्ण वाटते. गंमत अशी की पुढे त्याच बेटावरील संत पौलांच्या गुहेची माती विषावरचा उतारा म्हणून शतकानुशतके युरोपभर विकली गेली.

ठाण्याचे डॉक्टर कीर्तिकर

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस, भिवंडी, वसई, पालघर ही सारी ज्या ठाणे जिल्ह्यात मोडत त्याचे सिव्हिल सर्जन म्हणून डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर काम करीत होते. लष्करी वैद्यकीय सेवेत लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचलेले हे गृहस्थ मराठीचे कवी व लेखक होते, आणि १९०९ साली बडोद्यास भरलेल्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. रोगी तपासून उरलेल्या वेळात ते झाडे, वेली, अळंबी गोळा करीत. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्यांनी मुंबई इलाख्यातील विषारी वनस्पतींवर दीर्घ लेखमाला लिहिली. कण्हेर, धोतरा, काजरा, वचनाग अशा झाडांनी माणसे कशी दगावतात हे सरकारी डॉक्टरच्या नात्याने त्यांना पाहावे लागे.

कीर्तिकर आणि मेजर बामनदास बसू यांनी मिळून भारतीय औषधी वनस्पतींचा जो प्रचंड सचित्र ग्रंथ सिद्ध केला, तो कीर्तिकरांच्या निधनानंतर, १९१८ साली प्रसिद्ध झाला. त्यात प्रत्येक वनस्पतीचे वर्णन होते, चित्र होते, आणि वैद्य, हकीम व खेड्यातील जाणकार तिचा उपयोग कशासाठी करतात याची नोंद होती. कितीतरी वनस्पतींपुढे एक उपयोग हटकून आढळे: सर्पदंशावर. ईश्वरी म्हणजे सापसंद, सर्पगंधा, अनंतमूळ, शिरीष, काजरा, यादी संपता संपत नाही. इतकी सारी औषधे असूनही दरवर्षी हजारो माणसे सर्पदंशाने का मरत होती? हा प्रश्न ग्रंथात विचारलेला नव्हता. तो विचारण्याचे काम पुढच्या पिढीकडे आले.

परळच्या वाड्यातील प्रयोगशाळा

परळच्या ज्या वास्तूत हे काम झाले, तिचाही इतिहास मनोरंजक आहे. पोर्तुगीज काळात तेथे येशूसंघाचे प्रार्थनामंदिर होते. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी ती जागा संघाकडून काढून घेतली, आणि कालांतराने तेथे मुंबईच्या गव्हर्नराचा वाडा उभा राहिला. प्लेगच्या साथीत लस शोधून काढणाऱ्या व १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःच्या अंगात टोचून घेणाऱ्या वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा १८९९ साली याच वाड्यात आली. १९२५ साली संस्थेला त्यांचे नाव देण्यात आले. अशा रीतीने ज्या जागेतून येशूसंघीयांना जावे लागले होते, त्याच जागेत दोनशे वर्षांनी एक येशूसंघीय पांढरा झगा घालून प्रयोगशाळेत काम करू लागला.

फादर कायस यांचा जन्म १८७७ चा. डॉ. म्हसकरांशी त्यांचे सहकार्य मुंबईपूर्वीच जुळले होते. मद्रास इलाख्यात हूकवर्म म्हणजे अंकुशकृमीच्या रोगाची सरकारी चौकशी चालू असता या दोघांनी जंतावरील औषधांचा अभ्यास केला होता: औषधाची रासायनिक घडण कशी आहे आणि त्याने जंत प्रत्यक्षात किती पडतात, यांची सांगड घालण्याचा. म्हणजे एखादे औषध 'गुणकारी' आहे असे म्हणण्यापूर्वी गुण मोजावयाचा, ही शिस्त त्यांनी अंगी बाणवली होती. हाफकिन संस्थेतील औषधिविज्ञानाच्या प्रयोगशाळेत फादर कायस यांनी हीच शिस्त सर्पविषाच्या वनस्पतींना लावली.

त्यांनी काय केले ते समजून घेणे सोपे आहे. देशभर सर्पदंशावर म्हणून ज्या वनस्पतींची ख्याती होती त्या गोळा करावयाच्या. त्या खरोखर त्याच आहेत की नाहीत हे वनस्पतिशास्त्रज्ञाकडून पडताळून घ्यावयाचे, कारण एकाच नावाने चार गावांत चार निराळी झाडे ओळखली जातात. मग त्यांचा रस वा काढा तयार करावयाचा. दुसरीकडे सापाचे विष मोजून घ्यावयाचे. किती विषाने प्राणी निश्चित मरतो हे आधी ठरवावयाचे. नंतर तीन प्रश्न विचारावयाचे. औषध आधी दिले तर विष बाधत नाही काय? औषधाने विष निकामी होते काय? विष भिनल्यावर औषध दिले तर प्राणी वाचतो काय? आणि प्रत्येक वेळी ज्याला औषध दिलेले नाही असा प्राणी तुलनेसाठी ठेवावयाचा.

अशा रीतीने तीनशेहून अधिक वनस्पती एकेकट्या, आणि त्यांशिवाय अनेक मिश्रणे, तपासण्यात आली. निष्कर्ष १९३१ साली भारतीय वैद्यकीय संशोधनाच्या ग्रंथमालेत प्रसिद्ध झाले. ते एका वाक्यात सांगता येतात: तपासलेल्यांपैकी एकाही वनस्पतीने सर्पविषापासून आधी रक्षण केले नाही, विष मारले नाही, की दंशानंतर प्राण वाचविले नाहीत. लागलीच १९३२ साली या जोडीचा भारतीय विंचवांवरील प्रबंधही प्रसिद्ध झाला.

मग माणसे वाचत कशी?

येथे कोणीही सरळ विचारील: "आमच्या गावच्या वैदूने शंभर माणसे वाचविली, ती काय खोटी?" माणसे वाचली हे खोटे नाही. परंतु धामण, दिवड, कवड्या, तस्कर यांसारखे बहुसंख्य साप बिनविषारी असतात. त्यांच्या दंशाने कोणी मरत नाही. आपल्याकडे जीव घेणारे प्रमुख साप चार: नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. यांनी डसले तरी प्रत्येक वेळी पुरेसे विष अंगात जातेच असे नाही. कित्येकदा दंश कोरडाच राहतो. तेव्हा शंभर माणसांना साप चावला आणि कोणीही काहीही औषध दिले नाही, तरी त्यांतली पुष्कळशी जगणारच. भगताने ज्यांना मुळी दिली त्यांतले जगले ते मुळीच्या खात्यावर जमा होतात; मेले ते 'वेळ भरली होती' म्हणून खर्ची पडतात. भगत लबाड असतो असे नव्हे. तो प्रामाणिकपणे जे पाहतो ते सांगतो. पण तो किर्शरप्रमाणे जगलेला कुत्रा पाहतो, रेदीप्रमाणे मेलेले प्राणी मोजीत नाही.

फादर कायस यांच्या जागी स्वतःला ठेवून पाहावे. वनस्पतींवर त्यांचे प्रेम होते. वर्षानुवर्षे खपून, तीनशे औषधे तपासून, अखेरीस हाती आले ते 'नाही' हे उत्तर. संशोधकाला 'सापडले' म्हणण्यात कीर्ती असते. 'नाही' म्हणण्यात केवळ कष्ट असतात. त्यातच या देशातील लोकांच्या परंपरेला एका परदेशी पाद्र्याने खोटे ठरविले, असा आरोप होण्याचा धोका होता. परंतु या कामात त्यांचे सहकारी म्हसकर होते हे विसरता कामा नये. हा निष्कर्ष पूर्वेचा वा पश्चिमेचा नव्हता, दोघांनी मिळून काढलेला होता. आणि ज्यांनी हे 'नाही' लिहिले तेच भारतीय औषधींचे शत्रू नव्हते याचा पुरावा लगेच पुढे आला.

ग्रंथाची दुसरी आवृत्ती

कीर्तिकर-बसूंच्या ग्रंथाची दुसरी, वाढविलेली आवृत्ती १९३३ पासून निघू लागली. तिचे संपादक तिघे: फादर एथेलबर्ट ब्लॅटर, फादर कायस आणि डॉ. म्हसकर. फादर ब्लॅटर हे स्वित्झर्लंडचे येशूसंघीय. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात त्यांनी वाळविलेल्या वनस्पतींचा जो संग्रह उभारला, तो आजही त्यांच्या नावाने ओळखला जातो आणि पश्चिम भारतातील झाडाझुडपांचा अभ्यास करणाऱ्याला तेथे जावेच लागते. ब्लॅटर १९३४ साली वारले. दोन धर्मगुरू आणि एक डॉक्टर यांनी मिळून एका पाठारे प्रभू आणि एका बंगाली वैद्यकतज्ज्ञाचा ग्रंथ नव्याने उभा केला, याहून सुंदर सहकार्य आम्हांला सांगता येणार नाही.

या आवृत्तीची पाने उलटताना एक गोष्ट डोळ्यांत भरते. सर्पदंशावरचा लोकांतील उपयोग संपादकांनी गाळून टाकलेला नाही. तो आदराने नोंदविला आहे. मात्र त्याच्या शेवटी, वनस्पतीमागून वनस्पतीपुढे, म्हसकर आणि कायस यांच्या नावाने एक छोटी टीप येते: हे मूळ, ही पाने, ही साल सर्पदंशावर वा विंचूदंशावर निरुपयोगी आहे. लोक काय मानतात ते लिहावयाचे, आणि तपासून काय आढळले तेही लिहावयाचे; पहिल्यासाठी दुसरे लपवावयाचे नाही, दुसऱ्यासाठी पहिल्याची टर उडवावयाची नाही. फादर कायस यांनी १९३५ नंतर बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतातील औषधी व विषारी वनस्पतींवर कुळावार लेखमाला चालविली. कीर्तिकरांनी ज्या पानांवर आपली लेखमाला लिहिली होती, त्याच नियतकालिकाची ही पाने. १९४४ साली फादर कायस यांचा मृत्यू झाला.

'नाही' नंतर काय?

काहींना वाटेल की या संशोधनाने एक दार बंद झाले. आमच्या मते त्याने दुसरी दारे उघडली. सर्पगंधेचेच पाहा. सापाच्या विषावर ती चालली नाही. परंतु मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपला अनुभव १९४९ साली इंग्लंडच्या एका वैद्यकीय नियतकालिकात मांडला, आणि साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे वळले. तिच्यातील रेसर्पिन हे द्रव्य १९५२ साली वेगळे काढण्यात आले. झाड तेच, प्रश्न बदलला तेव्हा गुण सापडला.

ईश्वरीची गोष्ट याच्या उलट. सर्पदंशावरचे औषध म्हणून जिचा लौकिक, त्या कुळातील वनस्पतींमध्ये अॅरिस्टोलोकिक आम्ल असते. १९९० च्या दशकाच्या आरंभी बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी घेतलेल्या वनस्पतिजन्य गोळ्यांत हे द्रव्य शिरले, आणि कित्येक स्त्रियांची मूत्रपिंडे कायमची निकामी झाली. ते कर्करोगही घडवते हे आता निश्चित झाले आहे. 'वनस्पती आहे, अपाय तर करणार नाही' हे आपल्या घरोघरचे वाक्य किती धोक्याचे आहे, हे यावरून कळते. वचनाग आणि कण्हेर याही वनस्पतीच आहेत.

न्यायाने हेही सांगितले पाहिजे की शोध थांबलेला नाही. ब्राझीलमधील संशोधकांनी आपल्या माक्यात, आणि कोलकात्याच्या संशोधकांनी अनंतमुळात, सर्पविषाचे काही परिणाम प्रयोगशाळेत रोखणारी द्रव्ये १९८० आणि १९९० च्या दशकांत दाखवून दिली. कायस यांनी ती पाहिली असती तर त्यांना आनंदच झाला असता, असे आम्हांला वाटते. परंतु शुद्ध केलेले द्रव्य प्रयोगशाळेत वापरणे निराळे, आणि भगताने उगाळलेली मुळी निराळी. माणसाच्या सर्पदंशावर प्रतिविषाची जागा घेईल असे वनस्पतीचे औषध अद्याप सिद्ध झालेले नाही. आज आपली मुले महाविद्यालयांत जीवशास्त्र शिकतात, वनस्पतींचे यकृतरक्षक गुण वगैरे विषयांवर प्रबंध लिहितात. त्यांनी कायस-म्हसकरांचा प्रबंध एकदा चाळावा. औषध न दिलेला गट तुलनेला ठेवला आहे काय, मात्रा मोजली आहे काय, वनस्पती नक्की तीच आहे काय, हे तीन प्रश्न अजून जुने झालेले नाहीत.

प्रतिविषाची कल्पना याच शिस्तीतून आली. १८९४ साली पॅरिसमध्ये असे दिसून आले की प्राण्याला सोसेल इतके थोडे थोडे विष देत गेले की त्याच्या रक्तात ते विष निकामी करणारी द्रव्ये तयार होतात. पुढे घोड्यांच्या रक्तापासून प्रतिविष बनू लागले, आणि हाफकिन संस्थेनेही ते काम केले. आज मिळणारे भारतीय प्रतिविष वर सांगितलेल्या चारही सापांवर चालते. विंचवाच्या बाबतीत कोकणाने जगाला धडा दिला. महाडच्या परिसरात काम करताना डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रोगी रात्र रात्र बसून पाहिले, लक्षणे टिपली, आणि प्राझोसिन या रक्तदाबाच्या साध्या गोळीने हृदयावरचा घाला परतवता येतो हे १९८० च्या दशकात दाखवून दिले. कोकणात विंचूदंशाने मरणाऱ्यांची संख्या त्यामुळे झपाट्याने घटली. २०२२ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्याजवळही मोठी प्रयोगशाळा नव्हती. होती ती नोंदवही आणि खरे पाहण्याची जिद्द.

आजच्या घरासाठी

हा सगळा इतिहास आम्ही केवळ कौतुकासाठी सांगितला नाही. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार. बहुतेक मृत्यू खेड्यांतले आणि पावसाळ्यातले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ साली सर्पदंशाचा समावेश उपेक्षित रोगांत केला, आणि भारत सरकारने २०२४ साली जी राष्ट्रीय योजना जाहीर केली तिचे उद्दिष्ट २०३० पर्यंत हे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे आहे. हे उद्दिष्ट दिल्लीत गाठले जाणार नाही. ते रात्री दोन वाजता, 'आधी भगताकडे की आधी इस्पितळात' हे ठरविणाऱ्या घरात गाठले जाईल.

म्हणून थोडक्यात: दंश झालेल्याला धीर द्यावा, हलू देऊ नये, हात वा पाय काठी बांधून स्थिर ठेवावा. अंगठ्या, बांगड्या, कडी काढून घ्यावीत. दंशावर चिरा मारू नये, विष चोखू नये, करकचून आवळपट्टी बांधू नये. सापाला मारण्यात वेळ दवडू नये. उगाळलेले काहीही पाजू नये, कारण गिळण्याची शक्ती जात असलेल्या माणसाच्या घशात ते अडकून गुदमरणे होते. आणि जमिनीवर झोपणे टाळता येत नसेल तर निदान मच्छरदाणी गादीखाली नीट खोचावी. मण्यारापासून तीच खरी संरक्षक.

बेन सिराखच्या ग्रंथाच्या ३८ व्या अध्यायात वैद्याचा सन्मान करावयास सांगितले आहे, आणि औषधे परमेश्वराने भूमीतूनच उत्पन्न केली आहेत, शहाण्याने ती तुच्छ मानू नयेत, असाही बोध केला आहे. त्याच अध्यायात आजाऱ्याने प्रथम प्रार्थना करावी आणि मग वैद्याला वाव द्यावा असे येते. प्रार्थना आणि वैद्य यांत शास्त्र भांडण पाहत नाही. फादर कायस पवित्र वेदीवर मिस्सा अर्पण करीत आणि प्रयोगशाळेत विष मोजून घेत. दोन्ही ठिकाणी माणूस एकच होता. भूमीतून उगवलेल्या प्रत्येक वनस्पतीत काही गुण असेल, परंतु तो कोणता हे तिलाच विचारले पाहिजे, आणि तिने 'नाही' म्हटले तर तेही ऐकून घेतले पाहिजे, एवढेच त्यांनी केले.

त्या आजीबाईंना आम्ही पुढे एकदा भेटलो. मुलगा आता मोठा झाला आहे, यंत्रमागावर कामाला जातो. मनगटावरचा दोरा केव्हाच झिजून गळून पडला होता. आम्ही त्यांना परळच्या फादरांची ही हकीगत सांगितली. तीनशे मुळ्या तपासल्या हे ऐकून त्यांनी मान डोलावली, थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "एवढं कुणी केलं होतं, तर आम्हांला आधी का सांगितलं नाही?"

या प्रश्नाचे उत्तर आम्हां लिहिणाऱ्यांकडेच मागितले पाहिजे. प्रबंध १९३१ साली छापला गेला. तो आमच्या पाड्यापर्यंत पोहोचविण्याचे काम अजून शिल्लक आहे. या पावसाळ्यात आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक घरात प्रतिविष मिळणाऱ्या जवळच्या इस्पितळाचे नाव व दूरध्वनी क्रमांक भिंतीवर लागला, तर फादर कायस आणि डॉ. म्हसकर यांच्या श्रमांचे थोडे तरी ऋण फिटेल.